नेमाची पद्धत की नेमाचा अंदाज? सीटीईचं दुकान उघडून बघताना

पूल खेळणाऱ्यांमध्ये एक वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे. ‘दावा’ म्हणजे काय आणि ‘पुरावा’ म्हणजे काय, हे मला संशोधन-पद्धतीच्या पेपरपेक्षा त्या वादातून जास्त कळलं. वाद आहे ‘सेंटर टू एज’, थोडक्यात सीटीई, या नेम धरण्याच्या पद्धतीबद्दल. पूल कधी खेळला नसाल तरी वाचा. लागेल तेवढं मी सांगतेच. आणि खेळत असाल, त्यातून सीटीई वापरत असाल, तर आधीच सांगते, ‘तुमचे बॉल पडत नाहीत’ असं मी म्हणणार नाहीये.

आधी मूळ अडचण. पांढऱ्या बॉलने रंगीत बॉलला असं मारायचं की तो पॉकेटमध्ये गेला पाहिजे. दोन्ही बॉल ५७.१५ मिमी व्यासाचे. रंगीत बॉल साधारण त्याच दिशेने जातो ज्या दिशेने, आदळण्याच्या क्षणी, पांढऱ्याच्या केंद्रापासून रंगीतच्या केंद्रापर्यंत रेघ जाते. त्यामुळे शिकवताना सगळे सांगतात तो उपाय म्हणजे घोस्ट बॉल. रंगीत बॉलला चिकटून, पॉकेटच्या बरोबर उलट बाजूला एक न दिसणारा बॉल आहे असं समजायचं आणि पांढरा बॉल त्याच्या जागी पाठवायचा. भूमिती सरळ आहे. अवघड आहे ते ‘समजायचं’ हे क्रियापद. जिथे काहीच नाही तिथे एक-दोन मिलिमीटरच्या अचूकतेने बघायचं, हे नवख्याला जमत नाही.

मग नेमपद्धती येतात. त्या सांगतात, कल्पना करू नका, जे खरोखर दिसतंय त्यावर नजर लावा. सीटीई ही त्यातली सगळ्यात गाजलेली. हॅल हूल या अमेरिकन शिक्षकाकडून ती पसरली आणि पुढे स्टॅन शफेट यांनी तिला तपशीलवार, पायरी-पायरीचं रूप दिलं. ढोबळ क्रम असा: पांढऱ्या बॉलच्या मध्यातून रंगीत बॉलच्या कडेकडे जाणारी रेघ बघायची. त्याच वेळी पांढऱ्या बॉलच्या कडेपासून रंगीत बॉलवरच्या ए, बी किंवा सी या तीनपैकी एका बिंदूकडे जाणारी दुसरी रेघ बघायची (बी म्हणजे मधोमध, ए आणि सी म्हणजे दोन बाजूंचे पाव भाग). दोन्ही रेघा एकत्र दिसतील अशा जागी डोकं आणायचं. तिथून खाली वाकताना क्यू मध्यापासून अर्धी टिप डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची, आणि मग ती फिरवून मध्यावर आणायची. झाला नेम. अशी मोजकीच दृश्यं आणि दोन दिशांचे पिव्हट एवढ्यावर टेबलवरचे बहुतेक सगळे शॉट बसतात, आणि यात अंदाज नाही, सगळं वस्तुनिष्ठ आहे, असा दावा.

इथे जरा थांबा. या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे एकाच गाठोड्यात बांधलेत. एक, या पद्धतीने बॉल पडतात. दोन, ते अंदाजाशिवाय, फक्त दोन बॉलकडे बघून पडतात. तीन, म्हणून शिकणाऱ्याने याचाच सराव करावा. पहिल्याचा पुरावा भरपूर आहे. व्हिडिओ बघा, बॉल धडाधड पडतात. गंमत अशी की पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरा आणि तिसरा सिद्ध झाला असं गृहीत धरलं जातं. तुमच्या-माझ्या क्षेत्रातल्या किती पेपरांत हेच होतं ते आठवून बघा.

दुसऱ्या दाव्यासाठी एक साधा प्रयोग डोक्यात करा. दोन बॉलमधलं अंतर एक मीटर. एका दृश्याने नेम धरला आणि रंगीत बॉल पॉकेटच्या मधोमध गेला. आता दोन्ही बॉल, एकमेकांच्या संदर्भात जसेच्या तसे ठेवून, रंगीत बॉलच्या मार्गाला काटकोनात १० सेंमी सरकवा. फिरवायचे नाहीत, नुसते सरकवायचे. दोन बॉलच्या कडा, मध्य, ए-बी-सी, सगळं पूर्वीसारखंच दिसणार. तेव्हा पद्धत खरोखर फक्त दोन बॉलवर चालत असेल तर नेमही तोच येणार, रंगीत बॉल पूर्वीच्या मार्गाला समांतर जाणार आणि पॉकेटच्या मध्यापासून १० सेंमी बाजूने निघून जाणार. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड नियमानुसार किमान ११४ मिमी. त्यातून बॉलचा व्यास वजा करा, मग मध्याच्या दोन्ही बाजूंना २८-२९ मिमी एवढीच मोकळीक उरते. जबड्याला घासून पडणारे बॉल धरले तरी १० सेंमी खपणार नाहीत.

पण सीटीईचा चांगला खेळाडू तो दुसरा शॉटही टाकतो! समर्थक तर अशा समांतर शॉट्सची मालिकाच पुरावा म्हणून दाखवतात: बघा, तेच दृश्य, वेगळी जागा, तरी बॉल पडला. मला हा त्यांच्याच विरुद्धचा सर्वांत मजबूत पुरावा वाटतो. दोन बॉलचं चित्र बदललं नाही आणि नेम मात्र बदलला, याचा अर्थ नेम बदलणारी माहिती दुसरीकडून आली. टेबलच्या कडेवरून, पॉकेटच्या जाणिवेवरून, हजारो शॉट्सच्या सवयीवरून. समर्थकांचं उत्तर असतं की टेबल लांबी-रुंदीने २:१ असतं आणि पद्धत त्या भूमितीशी जोडलेली आहे. असेल. पण मग ती जोडणी कोणत्या नियमाने होते, किती सेंमी सरकल्यावर डोकं किती मिमी हलवायचं, हे लिहून द्यायला हवं. ते लिहिलेलं नसेल तर त्या रिकाम्या जागेत जे भरलं जातं त्याला मराठीत अंदाजच म्हणतात.

पॉकेटवर पडदा टाकून बॉल टाकून दाखवण्याची प्रात्यक्षिकंही झाली आहेत. पॉकेट दिसत नाही, म्हणजे पॉकेटची माहिती वापरली नाही, असा त्यामागचा तर्क. पण पॉकेट झाकलं तरी कुशन दिसतात, आणि दोन कुशन जिथे मिळतात तिथे पॉकेट असतं हे लहान पोरालाही माहीत असतं. तुम्ही डोळे मिटून घराच्या दाराकडे बोट दाखवू शकता ना? माहिती लपवणं आणि माहिती काढून घेणं यात फरक आहे. ‘ब्लाइंडिंग केलं’ असं एखाद्या पेपरात वाचलं की मला आता हा पडदा आठवतो.

आता थोडे आकडे, कारण ‘मोजकी दृश्यं’ पुरतील का हे मोजून बघता येतं. रंगीत बॉल पॉकेटपासून एक मीटरवर असेल तर वरच्या मोकळिकीनुसार त्याच्या दिशेत साधारण १.६ अंश इकडे किंवा तिकडे चालतात, म्हणजे एकूण ३.३ अंशांची खिडकी. सरळ शॉटपासून ६० अंशांच्या कटपर्यंतचा पट्टा अशा खिडक्यांनी भरायचा तर एका बाजूला १८ वेगवेगळे नेम लागतील. पॉकेट दोन मीटरवर असेल तर ३६. सीटीईतली दृश्यं आणि पिव्हट यांच्या जोड्या मोजल्या तर एका बाजूला डझनाच्या आसपास निघतात. उरलेल्या फटी कुणीतरी बुजवतंय.

पिव्हटचंही तसंच. टिप साधारण १३ मिमी, अर्धी म्हणजे ६.५. ब्रिजचा हात बॉलपासून २५ सेंमीवर असेल तर अर्ध्या टिपच्या पिव्हटने क्यू सुमारे १.५ अंश फिरतो, आणि एक मीटरवर पांढऱ्या बॉलचा मार्ग २६ मिमी सरकतो. ब्रिज २० सेंमीवर असेल तर ३२ मिमी, ३० सेंमीवर असेल तर २२. म्हणजे हात जरा पुढे-मागे पडला की सहज ५-१० मिमीचा फरक. आणि परवानगी किती? जवळपास सरळ शॉटला, त्याच अंतरावर, सुमारे १.६ मिमी! क्यूच्या दिशेत सांगायचं तर एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. समर्थक म्हणतात, पिव्हट असा पट्टी लावून करायचा नसतो, नजर तो करायला शिकते. मला हे अगदी पटतं. फक्त मग ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द परत घ्यावा लागतो.

(जाता जाता: घोस्ट बॉलवालेही शुद्ध भूमितीच्या नावाने छाती काढू शकत नाहीत. दोन बॉलमध्ये घर्षण असतं, त्यामुळे कट शॉटमध्ये रंगीत बॉल भूमितीच्या रेघेपासून काही वेळा दोन-तीन अंशही ढळतो. वेग कमी असेल, बॉल मळके असतील तर जास्त. बिलियर्ड्सच्या बॉलची फिरकी आणि घर्षण यांवर १८३५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिणारे गृहस्थ म्हणजे कोरिऑलिस, तेच, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले. म्हणजे मिलिमीटरच्या नेमाला कुठल्याही पद्धतीत शेवटी हाताने आणि सवयीने दुरुस्ती लागतेच. घोस्ट बॉलवाले ती कबूल करतात एवढंच.)

इथपर्यंत वाचून टीकाकारांच्या बाजूने टाळ्या वाजवायचा मोह होईल. थांबा. त्यांच्यातलेही बरेच जण पुढची उडी चुकीची मारतात: भूमितीत बसत नाही, म्हणजे पद्धत निरुपयोगी. हे कुठून आलं? एखाद्या गोष्टीचं स्पष्टीकरण चुकीचं असलं म्हणून तिचा परिणाम खोटा ठरत नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड ॲल्सियाटोर यांनी पूलच्या भौतिकीवर भरपूर लिहिलंय आणि या पद्धतींवर कडक टीकाही केलीय. पण त्याबरोबर त्यांनी अशा पद्धतींचे फायदेही मांडलेत: खेळाडू प्रत्येक शॉटला ठरावीक तयारी करतो, लक्ष देऊन बघतो, आत्मविश्वासाने मारतो. टीका अशी असावी.

आणि या फायद्यांना प्रयोगांचा आधार मिळू शकतो. विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी २००२ मध्ये बिलियर्ड्सच्या खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. हालचाल सुरू होण्याआधी नजर शेवटची जिथे स्थिरावते तो काळ म्हणजे ‘क्वाएट आय’. तो कुशल खेळाडूंमध्ये जास्त होता, आणि शॉट अवघड होत गेला तसा वाढत होता. तयारीचा वेळ तोडला तेव्हा तो काळही घटला आणि खेळही घसरला. आता सीटीईकडे परत बघा. दोन रेघा शोधा, डोकं जुळवा, मग वाका, मग पिव्हट. यातली प्रत्येक पायरी माणसाला बॉलकडे जास्त वेळ, शांतपणे बघायला लावते. कदाचित औषध रेघांमध्ये नाहीच, बघण्यात आहे. ही शक्यता मांडता येते, तपासता येते, आणि मी वाचलेल्या भांडणांमध्ये दोन्ही बाजूंना तिच्यात फारसा रस दिसत नाही.

राहिला तिसरा दावा, सरावाचा. इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. काही आठवडे मी एकच कट शॉट घोटला. बॉल दरवेळी नेमके त्याच जागी ठेवता यावेत म्हणून कापडावर कागदी रिंगा चिकटवल्या, घोस्ट बॉलच्या जागी आणखी एक खूण. वहीतला आलेख बघून छाती फुगायची. मग रिंगा काढल्या, टेबलच्या दुसऱ्या बाजूने तोच कोन घेतला, आणि बॉल कुशनवर आपटून परत. माझा विषयच हालचाली कशा शिकल्या जातात हा असूनही!

खरं तर हे जुनं ज्ञान आहे. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की हालचालींचे प्रकार एकेक करून घोटणारे सरावात पुढे असतात, पण दहा दिवसांनी चाचणी घेतली की सरमिसळ सराव केलेले पुढे जातात. १९८४ मध्ये सॅल्मनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं की सरावात मिळणारी बाहेरची मदत त्या वेळची कामगिरी सुधारते, पण माणूस तिच्यावर टेकला तर मदत काढल्यावर शिकणं उघडं पडतं. ते बोलत होते निकालाच्या माहितीबद्दल, पण टेबलवर लावलेल्या खुणांना तोच संशय लागू करायला हरकत नाही. सराव करतानाचे आकडे ही कामगिरी असते. शिकलो की नाही ते नंतर, मदतीशिवाय, नव्या जागी कळतं.

शिवाय ते आकडे किती हलके असतात ते बघा. समजा तुमची खरी क्षमता ६० टक्के आहे. पन्नास शॉटमध्ये सरासरी ३० पडतील, पण निव्वळ नशिबाने २३ ते ३७ यातला कुठलाही आकडा सहज येऊ शकतो. ‘पद्धत बदलली आणि ३० चे ३६ झाले’ याने काहीच सिद्ध होत नाही. दोन दिवसांची तुलना करताना दहाच्या आतला फरक गोंगाटात बुडतो. आणि हेही प्रत्येक शॉट स्वतंत्र आहे असं मानून. एकाच जागेवरून पन्नास मारले तर ते स्वतंत्र नसतातच.

मग प्रयोग कसा करायचा? मी वहीत असं मांडून ठेवलंय. मध्यम पातळीचे खेळाडू घ्यायचे. अगदी नवखे नकोत, कारण त्यांचा क्यूच सरळ जात नाही आणि नेमाची चूक हाताच्या चुकीत लपते. मुरलेलेही नकोत, त्यांच्याकडे वीस वर्षांचा अंदाज जमा असतो. एक गट सीटीई शिकतो, एक घोस्ट बॉल, एकाला फक्त ‘मारण्याआधी बॉलकडे स्थिर बघा’ एवढंच. आणि चौथा गट सगळ्यात महत्त्वाचा, ज्याला खोटी सीटीई शिकवायची. त्याच रेघा, तोच पिव्हट, तेवढाच वेळ, शिकवणाऱ्याचा तेवढाच आत्मविश्वास. फक्त कोणत्या शॉटला कोणतं दृश्य लावायचं त्याचा तक्ता फिरवलेला. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात, तसं.

मोजायचं काय? पडला-नाही पडला हे नको. पन्नास शॉटमधून पन्नास ‘हो-नाही’ मिळतात, तेवढ्यावर फार काही कळत नाही. पॉकेटच्या मध्यापासून बॉल किती मिमी बाजूने गेला ते मोजायचं. त्याहून चांगलं म्हणजे काही शॉट मारायचेच नाहीत. फक्त नेम धरून क्यू स्थिर ठेवायचा आणि वरच्या कॅमेऱ्याने क्यूची दिशा मोजायची. मग हात आणि नेम वेगळे होतात. आठवडाभराने परत चाचणी, नव्या जागांवर, आणि त्यात मुद्दाम ते १० सेंमी सरकवलेले समांतर शॉट. सीटीईच्या गटात दृश्य तेच राहून क्यूची दिशा सरकली, तर दुरुस्ती कुठेतरी होतेय हे कॅमेऱ्यात दिसेल. किती होतेय तेही दिसेल.

हे प्रयोगशाळेतल्या एका मित्राला दाखवलं. तो म्हणाला, खोट्या गटातले लोक दोन दिवसांत सोडून जातील, कारण तक्ता पाळला तर त्यांचे बॉल पडणारच नाहीत. बरोबर आहे त्याचं. पण मला तेच बघायचंय. ते सोडून जातात, की तक्ता ‘पाळत’ असल्याची पूर्ण खात्री बाळगून, नकळत क्यू दोन-चार मिलिमीटर सरकवून बॉल टाकायला लागतात? दुसरं झालं तर प्रत्येकाला नंतर खरं काय ते सांगावं लागेल आणि नीट नेम शिकवावा लागेल. नैतिकता समितीच्या अर्जात तो परिच्छेद मी आधीच लिहून ठेवलाय. टेबल मात्र अजून मिळालेलं नाही.